शोमरोनी बाईची घागर

गेल्या रविवारी उपासनेत योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचायला होता. शोमरोनी स्त्री आणि प्रभू येशू यांची विहिरीवरची भेट. हा शास्त्रभाग मी आजवर किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलाही आहे. फ्लॅनेलच्या फळ्यावर आधी विहीर चिकटवायची, मग प्रभू, मग घागर घेतलेली बाई. मुलांना ती कागदी घागर फार आवडायची. कुणीतरी ती खिशात घालून घरी न्यायचं आणि पुढच्या रविवारी बाई बिनघागरीची यायची!

पाळकसाहेबांनी जिवंत पाण्यावर चांगला उपदेश केला. पण खरं सांगते, माझं लक्ष त्या घागरीपाशीच राहिलं. घरी आल्यावरही तेच. दोन-तीन दिवस जुनी पुस्तकं काढून बसले. छत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती कुठली, कधीची, तिच्याआधी काय घडलं होतं हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. आणि पाहता पाहता माझीच एक जुनी गोष्ट समोर येऊन उभी राहिली. ती मी आजवर घरातही कुणाला सांगितलेली नाही. आज लिहून टाकते.

पण आधी माझ्या आजीबद्दल थोडंसं. तिचा जन्म अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) एका खेड्याच्या महारवाड्यातला. आजोबा आणि ती तरुणपणी ख्रिस्ती झाले. बायकांच्या वर्गात ती अक्षरं शिकली आणि पुढे आयुष्यभर बोट ठेवून वाचत राहिली. तिच्याजवळ पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेला नवा करार होता. केडगावला वाढलेल्या तिच्या एका मावसबहिणीने तो दिला होता. संध्याकाळी दिवा लागला की आम्ही पोरं भोवती बसायचो आणि आजी वाचायची. योहानाचा चौथा अध्याय आला की ती पहिल्या काही ओळींवरच थांबायची. प्रभू थकून विहिरीवर बसला आहे, बाई पाण्याला आली आहे, आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. इथे बोट तसंच ठेवून आजी म्हणायची, "देनारे लय असत्यात गं. मागनारा ह्यो येकच."

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. आम्हाला पुढची गोष्ट ऐकायची घाई असायची.

आता थोडा इतिहास. शोमरोन हे मूळचं इस्राएलाच्या उत्तरेकडच्या राज्याच्या राजधानीचं नाव. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या लोकांनी हे राज्य जिंकलं, बरेच लोक कैद करून नेले आणि बाहेरचे लोक आणून तिथे वसवले. तिथल्या लोकांना पुढे यरुशलेमकडचे यहूदी भेसळीचे मानू लागले. शोमरोनी मात्र स्वतःला याकोबाचेच खरे वंशज म्हणवत. मोशेची पाच पुस्तकं ते मानत, पण उपासना करत गरिज्जीम डोंगरावर. तिथे त्यांचं मंदिर होतं. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या शेवटाकडे यहूद्यांचा राज्यकर्ता हिर्कान याने ते पाडून टाकलं. म्हणजे प्रभू विहिरीवर बसला तेव्हा ही जखम सव्वाशे-दीडशे वर्षांची होती. विसरावी इतकी जुनी नाही. ती बाई बोलता बोलता डोंगरावरच्या उपासनेचा विषय काढते, तेव्हा पुष्कळ उपदेशक म्हणतात की ती विषय बदलते आहे. मला तसं वाटत नाही. समोर यहूदी पुरुष बसलेला असताना त्या गावच्या कुणाच्याही तोंडी हाच प्रश्न आला असता. डोंगर तिथून डोळ्यांसमोर दिसतो.

शोमरोनी लोक आजही आहेत बरं का. हजाराच्या आतच उरले आहेत. काही गरिज्जीम डोंगरावर राहतात, काही इस्राएलमधल्या होलोन शहरात. याकोबाची म्हणून दाखवतात ती विहीरही आहे, नाब्लस शहराला लागून, एका ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या आत. शंभर फुटांहून खोल. पाणी काढायला तुझ्याजवळ काही नाही आणि विहीर तर खोल, असं ती बाई म्हणते ते अगदी खरंच होतं. आपल्याकडे विहिरीवर पोहरा विसरून गेलेल्या माणसाला हे जसं कुणीही ऐकवेल, तसंच तिने ऐकवलं.

म्हणजे पोहरा नाही, दोर नाही. पाणी प्यायचं तर त्या बाईच्याच भांड्याने. सगळी अडचण इथेच आहे.

प्रभूने पाणी मागितल्यावर ती बाई चकितच होते. तू यहूदी असून माझ्याकडे पाणी कसा मागतोस, असं विचारते. पुढे योहान खुलासा करतो की यहूद्यांचा शोमरोन्यांशी संबंध नसतो. डेव्हिड डॉब नावाच्या अभ्यासकाने १९५० साली एका लेखात दाखवलं की तिथल्या ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ 'एकत्र वापरणे' असा होतो. म्हणजे यहूदी लोक शोमरोन्यांबरोबर एकच भांडं वापरत नाहीत. यहूद्यांच्या मिश्ना या धर्मग्रंथात असा नियमही आहे की शोमरोन्यांच्या मुली पाळण्यात असल्यापासूनच विटाळशी धराव्यात. मग त्यांच्या घागरीचं पाणी कसं चालणार? सगळ्याच अभ्यासकांना हा अर्थ पटलेला नाही. तरी इंग्रजी बायबलच्या काही आवृत्त्यांत तो तळटीपेत दिलेला असतो.

हे वाचलं आणि मी चष्मा काढून बसले. युरोप-अमेरिकेतल्या वाचकाला यासाठी तळटीप लागते. माझ्या आजीला लागली नाही! "त्यांचं भांडं चालत नाही" हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यातल्या कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागत नव्हतं.

आता रमाबाईंकडे वळते. आपल्याकडे या अध्यायाची गोष्ट निघाली की त्यांचं नाव निघायलाच हवं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरायचं. १८७० नंतरच्या दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण उपासमारीने आणि आजाराने गेले. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं.

पण त्याच कलकत्त्यातली एक छोटी हकीकत पाठ्यपुस्तकात नसते. रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत ती सांगितली आहे. या बहीणभावांना ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला बोलावलं होतं. तिथे खुर्च्या, टेबलं, दिवे. आडनावावरून ब्राह्मण वाटणारी माणसं साहेबी पोशाखात वावरत होती, आणि इंग्रजांबरोबर बसून पाव-बिस्किटं खात होती, चहा पीत होती. या दोघांनाही घ्या म्हणून आग्रह झाला. दोघं हादरलीच. ब्राह्मण इंग्रजांच्या पंगतीला बसतात म्हणजे कलियुग पुरतं आलं, असं त्यांना वाटलं. रमाबाई हे सगळं लपवत नाहीत. पन्नाशीच्या जवळ आल्यावर, नातवंडांना सांगावं तसं मोकळेपणाने सांगतात.

त्यानंतर पाच वर्षांत किती उलथापालथ झाली पाहा. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मेधावी ब्राह्मण नव्हते. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या सुरुवातीला पटकीने नवरा गेला. चोविसाव्या वर्षी विधवा, कडेवर पोर. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावी सिस्टर्सच्या मठात राहिल्या. त्या सिस्टर्सचं एक काम लंडनजवळ फुलहॅमला होतं. समाजाने ज्यांना 'बिघडलेल्या' म्हणून बाहेर टाकलं अशा बायकांना आसरा देण्याचं. रमाबाई ते पाहायला गेल्या. आपल्याकडे अशा बाईला कुणी उंबऱ्याशी उभी करत नाही आणि या इथे तिची सेवा करतात, हे कसं? हे त्यांनी एका सिस्टरला विचारलं. उत्तरादाखल त्या सिस्टरने योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

पुढे २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयामागे हा अध्याय होता असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. महाराष्ट्रात त्यावरून केवढं वादळ झालं ते सर्वांना ठाऊक आहे, त्यात मी शिरत नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. बाप्तिस्मा घेतला म्हणजे भांड्याचा प्रश्न एका दिवसात सुटला असं झालं नाही. इंग्लंडातही रमाबाई शाकाहारीच राहिल्या आणि अंडं घातलेलं पक्वान्नसुद्धा खायला तयार नव्हत्या. मठातल्या सिस्टर्सशी त्यांचे यावरून पत्रांतून खटके उडाले. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं ते मुख्यतः वरच्या जातीतल्या विधवांसाठी. तिथे मुलींना आपापले जातीचे नियम, सोवळं-ओवळं पाळायची मुभा होती. रमाबाईंनी ते मुद्दाम ठेवलं, नाहीतर आई-बापांनी मुली पाठवल्याच नसत्या.

हे बदललं ते दुष्काळाने. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. लहानपणी आपले आई-वडील ज्या रीतीने गेले तेच त्यांनी पुन्हा डोळ्यांनी पाहिलं असणार. शेकडो मुली त्यांनी आणल्या. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी आणल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, शेत केलं, मुक्ती सदन उभं राहिलं आणि तिथली वस्ती दीड हजारांच्या वर गेली. या मुली सगळ्या जातींच्या होत्या. एवढ्या उपाशी पोरींपुढे कुणाची चूल निराळी आणि कुणाचा माठ निराळा हे कोण पाहत बसणार? कलकत्त्यात चहाचा पेला नाकारणारी मुलगी वीस-बावीस वर्षांनी अशा माळावर येऊन पोचली होती.

तिथेच त्यांनी बायबलच्या भाषांतराचं काम हाती घेतलं. बायबल मराठीत आधीच आलं होतं. विल्यम कॅरींचा नवा करार श्रीरामपूरला १८११ मध्येच छापला गेला होता. पण रमाबाईंना मुक्तीतल्या साध्या बायकांना वाचता येईल असं हवं होतं. पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि शेवटच्या दिवसांपर्यंत त्या हे काम करत राहिल्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, बायकांच्या हातांनी. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. आजी बोट ठेवून वाचायची तो नवा करार याच कामातला.

म्हणजे एक अध्याय फुलहॅममध्ये एका ब्राह्मण विधवेने ऐकला, तिने तो साध्या मराठीत आणला आणि तो माझ्या महारवाड्यातल्या आजीच्या हातात आला. दोघींना तो पटला, पण दोन बाजूंनी. रमाबाईंना त्यात दिसलं की टाकलेल्या बाईला प्रभू जवळ करतो. आजीला दिसलं की तो तिच्या हातचं मागतो. मला वाटतं या दोन्हींत फरक आहे. जवळ करणारा वर उभा असू शकतो. मागणाऱ्याला हात पुढे करावा लागतो.

आपल्या महाराष्ट्राचा पाण्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यांच्याच जातीचे लोक त्यावरून रागावले. घरच्या पाण्यात दुसऱ्याची घागर बुडू द्यायला किती धैर्य लागत असेल, याची कल्पना आज नळ सोडला की पाणी येणाऱ्या घरात बसून करता येणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपलं कडक सोवळं आणि मग कुणाच्याही हातचं पाणी घेण्यापर्यंतचा आपला प्रवास लिहिला आहे. त्यांना तो सोपा गेला नाही, आणि तसं त्या स्पष्ट सांगतात म्हणून त्या मला जवळच्या वाटतात. आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. ते पाणी कुणी वरून ओतलेलं नव्हतं. तिथे गुरंढोरं पाणी पीत होती, माणसांना बंदी होती. नंतर तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं, खटला झाला, आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

आमच्या ख्रिस्ती माणसांचं काय? चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला एक. बाहेर आलं की गावची विहीर तीच आणि तिचे नियमही तेच. धर्म बदलला म्हणून गावाने पोहरा हातात दिला नाही. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात ख्रिस्ती झालेल्यांना जागा नाही. म्हणजे कागदावरून जात गेली, विहिरीवरून गेली नाही. आणि खोटं कशाला बोलू, लग्न जमवताना "मूळचे कोण?" हे आमच्यातही हळूच विचारलं जातं.

आता माझी गोष्ट.

जून १९७२ मध्ये मला एका खेड्यातल्या हायस्कुलात नोकरी लागली. वय बावीस. बी.ए. आणि बी.एड. झालेली गावातली मी पहिलीच बाई. एका वाड्यात खोली मिळाली. मालकीणबाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "ख्रिस्ती." त्या म्हणाल्या, "ते झालं, पण मूळचे?" मी म्हटलं, "आम्ही नगरचे, मिशन कंपाउंडातले." त्यांना ते उत्तर पुरेसं वाटलं की त्यांनी सोडून दिलं, कोण जाणे. आडनावावरून काही कळत नव्हतं. माझं बोलणं शहरी होतं. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्यावर मला खोली मिळाली, वाड्यातल्या आडाचं पाणी मिळालं, सणाला पुरणपोळीचं ताटही मिळालं.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी माणसं, शाळेत मिळणारी सुकडी, रेशनवरचा तो तांबडा मिलो. १९७३ चा उन्हाळा लागला तेव्हा वाड्याचा आड आटला. त्याआधीच बौद्धवाड्याची विहीर कोरडी पडली होती. गावाबाहेरच्या ओढ्याकाठी एका जुन्या विहिरीला तेवढं पाणी होतं. गावातल्या बायका तिथे पाणी शेंदायच्या. बौद्धवाड्यातल्या बायका थोड्या दूर हंडे ठेवून बसायच्या. कुणाला दया आली तर ती वरून त्यांच्या हंड्यात पोहरा ओतायची. कायदा होऊन तेव्हा सतरा-अठरा वर्षं झाली होती. मी नागरिकशास्त्राच्या तासाला तो कायदा शिकवत होते.

एप्रिलमधली गोष्ट. शाळा सकाळची होती. दुपारी गर्दी नसते म्हणून मी कळशी घेऊन विहिरीवर गेले. (बरोबर दुपारचीच वेळ. योहानातली बाईसुद्धा दुपारीच गेली होती.) तिथे बाभळीच्या तुकडासावलीत एक म्हातारी बसली होती, पुढ्यात रिकामा हंडा. मी दोन पोहरे शेंदून कळशी भरली. ती म्हणाली, "बाई, येवढा हंडा भरून द्या. सकाळधरनं बसलेय." मी पोहरा पुन्हा आत सोडला. तेवढ्यात ती उठून दोन पावलं पुढे आली, माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि आजीचं नाव घेऊन म्हणाली, "तू तिची नात का गं? डोळे तिचंच हायेत." आजीच्या माहेरची असावी. आजी जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. इतक्या प्रेमाने तिचं नाव घेतलेलं मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते.

आणि वाटेवर बायकांचा आवाज आला. वाड्यातल्याच होत्या. हंडे घेऊन येत होत्या.

मी म्हटलं, "नाही, तुम्ही चुकताय. मी नगरची." पोहरा अर्धाच वर ओढला, तो काठावर ठेवला, कळशी उचलली आणि चालू लागले. हंडा भरून दिला नाही. ओतलं असतं तर खरं तर कुणी काही म्हणालंही नसतं, दुसऱ्या बायका ओततच होत्या. पण ती पुन्हा काही बोलेल, त्या ऐकतील, याची मला भीती वाटली. मागून तिने हाक मारली नाही. कळशी खोलीवर आणली तेव्हा माझे हात थरथरत होते, आणि त्या संध्याकाळी त्याच पाण्याचा मी चहा केला.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी मी त्याच वेळेला विहिरीवर गेले. ती दिसली नाही. बौद्धवाड्यात जाऊन शोधायचं धैर्य झालं नाही. पुढच्या वर्षी माझी दुसऱ्या गावच्या शाळेत बदली झाली. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं, मी माझ्या आजीला एकदाच. तो बाहेर जाऊन रडला तरी. मी वह्या तपासत बसले.

बावन्न वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हा अध्याय मी किती मुलांना शिकवला! विहीर चिकटवली, प्रभू चिकटवला, बाई चिकटवली. त्यात मी कुठे आहे हे फळ्यावर कधी पाहिलं नाही. मी शिष्यांसारखी गावात खायला आणायला गेलेलीही नव्हते. मी तिथेच होते, पोहरा माझ्या हातात होता.

ही गोष्ट आज का लिहिते? एक तर आजीची क्षमा मागायची राहिली होती. आणि दुसरं कारण अगदी ताजं आहे.

आमच्याकडे बारा वर्षं एक बाई कामाला येतात. भांडी, केर-फरशी. त्यांचं आणि माझं उत्तम जमतं. चहा आम्ही दोघी एकाच वेळी घेतो आणि कप सगळे सारखे आहेत, हे मी कौतुकाने चारचौघांत सांगत आले. पण गेल्या आठवड्यात ते जुने संदर्भ चाळताना एकदम लक्षात आलं. बारा वर्षांत मी त्यांच्या घरी तीनदा गेले. एकदा मुलीच्या दहावीचे पेढे, एकदा त्या आजारी होत्या तेव्हा, एकदा लग्नाचा आहेर द्यायला. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "बाई, चहा टाकते." तिन्ही वेळा मी म्हणाले, "नको गं, आत्ताच झाला."

आत्ताच झाला! हे वाक्य आपण सगळे म्हणतो. बहुतेक वेळा त्यात काही नसतंही. पण तिन्ही वेळा माझा चहा झालेला नव्हता. मग मी का म्हणाले? त्यांना त्रास नको म्हणून, की ते मोरीजवळचं पिंप पाहून? मी, जिच्या आजीच्या हंड्यात लोक वरून पाणी ओतत होते ती मी! माणसाच्या आत हे किती खोल जाऊन बसतं, त्या याकोबाच्या विहिरीसारखं. त्या घरात मी पेढ्यांचे पैसे दिले, औषधं नेली, आहेर दिला. देणाऱ्यांत माझा नंबर होताच. आजीने सांगितलं होतं की देणारे लय असतात.

प्रभू शेवटी ते पाणी प्यायला की नाही, हे योहानाने लिहिलेलं नाही. बोलण्याच्या भरात ते राहूनच गेलं असेल. बाई तर घागर तिथेच टाकून गावात पळाली. पण त्यानंतर तो त्या गावात दोन दिवस राहिला असं लिहिलं आहे. दोन दिवस राहिला म्हणजे शोमरोन्यांच्या घरी जेवला, त्यांच्या भांड्यांतून प्यायला. शिष्यही त्याच्याबरोबर होते. त्यांच्या घशाखाली पहिला घास कसा उतरला असेल, याचा मी हल्ली विचार करते. त्यांच्याबद्दल मला फार आपुलकी वाटते.

परवा मंगळवारी संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेले. काही द्यायचं नव्हतं, हात रिकामे होते. त्या गोंधळल्या. "काय झालं बाई? काही चुकलं का माझं?" मी म्हटलं, "काही नाही गं. चालून आले, तहान लागली. पाणी दे."

त्यांनी पिंपाचं झाकण काढलं, स्टीलचा तांब्या बुडवला, पदराने पेला पुसला आणि भरून दिला. पाणी गार होतं. मी पूर्ण प्याले. मग त्या म्हणाल्या, "चहा टाकू?"

मी म्हटलं, "टाक."